मनगटाची लचक : एका निदानाचा इतिहास

हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. जें डोळ्यांसमोर उघड आहे त्याला पुरावा मागूं नये, असा तिचा आशय. कांकणापुरती ही म्हण खरी आहे. परंतु तें कांकण ज्या मनगटावर खेळतें त्या मनगटाच्या बाबतींत ती लागू पडत नाहीं. मनगटाच्या आंत काय घडलें आहे हें बाहेरून कळत नाहीं, आणि बाहेरून जें दिसतें तें पुष्कळ वेळां फसवें असतें. आजच्या भाषणाचा विषय मनगटाची लचक हा आहे. विषय घरगुती खरा. पण त्याच्यामागें साडेतीन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत मोठमोठ्या वैद्यांच्या चुका जितक्या आहेत तितकाच त्या चुका सुधारण्याचा प्रामाणिक उद्योगहि आहे.

प्रसंग सर्वांच्या ओळखीचा आहे. पावसाळ्यांत शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरतो, न्हाणीघरांतल्या ओल्या फरशीवर तोल जातो, मैदानावर चेंडूमागें धांवतां धांवतां मुलगा तोंडघशीं पडतो. पडतांना माणूस आपोआप हात पुढें करतो आणि सगळ्या देहाचा भार पसरलेल्या तळहातावरून मनगटांत उतरतो. कळ येते, सूज चढते. घरांतलें वडील माणूस हात इकडे तिकडे हालवून पाहतें आणि निर्णय देतें, "कांहीं नाहीं, नुसती लचक भरली आहे." पुष्कळदां हा निर्णय बरोबरहि असतो. पण तो चुकला तर त्याची किंमत त्या माणसाला जन्मभर द्यावी लागते. कारण लिहिणें, शिवणें, कणीक मळणें, पाण्याची बादली उचलणें, यांतलें एकहि काम मनगटाच्या मदतीवांचून होत नाहीं.

ह्या निर्णयांत अडचण कोठें आहे तें समजण्यासाठीं मनगटाची रचना थोडक्यांत पाहूं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन लांब हाडें येतात. एक अंगठ्याच्या बाजूचें व दुसरें करंगळीच्या बाजूचें. त्यांच्यापुढें चार-चारांच्या दोन ओळींत आठ लहान हाडें बसविलेलीं आहेत, आणि त्यांच्यापुढें तळहाताचीं हाडें. हीं सर्व हाडें एकमेकांशीं चिवट तंतूंच्या बंधांनीं जखडलेलीं असतात. ह्या बंधांना आपण अस्थिबंध म्हणूं. माणूस हातावर पडला म्हणजे तीनपैकीं एक गोष्ट घडूं शकते. अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातील, हाडें आपल्या जागेवरून सरकतील, अथवा एखादें हाड मोडेल. आपल्या भाषेंत ह्या तिहींसाठीं वेगळे शब्द आहेत : मुरगळणें किंवा लचकणें, निखळणें आणि मोडणें. शब्द वेगळे आहेत, परंतु दुखणें तिहींत सारखेंच असतें व सूजहि पुष्कळशी सारखीच असते. ह्या तिघांना एकमेकांपासून वेगळें करतां करतां वैद्यकशास्त्राचीं शतकानुशतकें गेलीं.

ह्या प्रयत्नाचा सर्वांत जुना लेखी पुरावा इजिप्त देशांतला आहे. १८६२ सालीं एडविन स्मिथ नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें लक्सर येथें एक पुरातन पपायरसची गुंडाळी विकत घेतली. तिचा अर्थ लावून तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध करण्याचें काम पुढें जेम्स हेन्री ब्रेस्टेड ह्या पंडितानें १९३० सालीं पुरें केलें. ही गुंडाळी सुमारें ख्रिस्तपूर्व १६०० मधली असून तिच्यांतला मजकूर त्याहूनहि जुन्या ग्रंथावरून उतरवलेला आहे. तिच्यांत जखमांचीं व मोडतोडीचीं ४८ प्रकरणें डोक्यापासून खालीं अशा क्रमानें दिलीं आहेत. लेखकाचा मजकूर छातीपाठीच्या पुढें जाण्यापूर्वींच तुटला आहे, त्यामुळें मनगट त्यांत आलेलें नाहीं. मात्र मानेच्या मणक्यांच्या प्रकरणांत लचक म्हणजे काय ह्याची व्याख्या आली आहे. दोन अवयव एकमेकांपासून ओढले जातात, पण दोन्ही आपापल्या जागींच राहतात, ती लचक. असा तिचा भावार्थ आहे. आजच्या शस्त्रवैद्यालाहि ह्या व्याख्येंत फारसें बदलण्यासारखें सांपडणार नाहीं. लचकेवर तो इजिप्शियन वैद्य पहिल्या दिवशीं ताजें मांस बांधावयास सांगतो व पुढें बरें वाटेपर्यंत मधाचा लेप. शिवाय निदान देतांना तो स्वच्छ सांगतो कीं, हें दुखणें मी बरें करीन, किंवा ह्याच्याशीं मी झुंज देईन, किंवा ह्याच्यावर इलाज नाहीं. आधीं निदान व मग उपचार, हा क्रम इतक्या जुन्या काळीं घालून दिलेला होता.

आपल्या देशांत सुश्रुतसंहितेनें हा विषय किती बारकाईनें हाताळला आहे हें पाहण्यासारखें आहे. निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायांत भग्नाचे दोन मोठे वर्ग केले आहेत : सांध्याची इजा तो संधिमुक्त व हाडाची मोड तो कांडभग्न. पहिल्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि दुसऱ्याचे बारा. सहांपैकीं विश्लिष्ट नांवाचा जो प्रकार आहे त्याचीं लक्षणें थोडी सूज, सतत वेदना व सांध्याच्या कामांत बिघाड अशीं दिलीं आहेत. आपण ज्याला लचक म्हणतों तिच्या फार जवळचें हें वर्णन आहे.

चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायांतला उपचाराचा भाग तर घरोघरीं ठाऊक असावा असा आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड अशा झाडांच्या सालींच्या व बांबूच्या कामट्या बांधण्यासाठीं सांगितल्या आहेत. पट्टी थंडीच्या दिवसांत सात दिवसांनीं, मध्यम ऋतूंत पांच दिवसांनीं व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं सोडून पुन्हां बांधावी असा नियम आहे. पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर होत नाहीं. फार आंवळली तर कातडी सुजते, दुखते व पिकते, म्हणून ती बेताची असावी, अशी सूचना आहे. ही सूचना विसरल्यामुळें किती हात वांकडे झाले तें पुढें येईलच. आणखी एक गोष्ट सुश्रुतानें लक्षांत ठेवली आहे. तळहाताचें दुखणें बरें होत आल्यावर रोग्यानें आधीं मऊ गोळा मुठींत धरावा व हातांत बळ आल्यावर दगड धरावा, असें तो सांगतो. हात बरा होणें म्हणजे नुसतें दुखणें थांबणें नव्हे, तर गेलेली शक्ति परत येणें, हें तत्त्व ह्या साध्या उपायांत आहे.

ग्रीक वैद्यकांतहि हिपोक्रेटीसच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत हाडें मोडण्यावर व सांधे निखळण्यावर स्वतंत्र प्रकरणें आहेत. त्या प्रकरणांत मनगट निखळण्याचे प्रकार सांगितले आहेत. आणि येथूनच एका दीर्घायुषी चुकीला आरंभ झाला. पडल्यानंतर मनगटाचा आकार बिघडलेला दिसला कीं मनगट निखळलें, आणि आकार बिघडला नाहीं कीं मनगट लचकलें, असा सोपा निवाडा वैद्य करूं लागले. सांध्याच्या लगत असलेलें हाडच मोडलें असेल ही शंका फारशी कोणाच्या मनांत आली नाहीं. मोडलेलें हाड करकरलें पाहिजे, तेथें नवाच सांधा असल्यासारखी हालचाल झाली पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. आणि मनगटापाशीं तसें कांहींच हाताला लागत नसे. ग्रंथांतरींचें हें मत सुमारें दोन हजार वर्षें चाललें.

ह्या मताला पहिला धक्का फ्रान्समधील लिओं शहराच्या क्लॉड पूतो ह्या शस्त्रवैद्यानें दिला. पूतो १७७५ मध्यें वारला व त्याचे लेख १७८३ सालीं प्रसिद्ध झाले. हातावर पडल्यानें अंगठ्याच्या बाजूचें लांब हाड मनगटाजवळ मोडतें, आणि ह्या मोडीला लोक लचक किंवा निखळ समजतात, असें त्यानें लिहून ठेविलें. परंतु त्याचा आवाज त्याच्या देशाबाहेर फारसा पोंचला नाहीं.

तीच गोष्ट १८१४ सालीं आयर्लंडमधील डब्लिन शहरीं अब्राहम कॉलिस नांवाच्या शस्त्रवैद्यानें स्वतंत्रपणें सांगितली. हा गृहस्थ तेथील स्टीव्हन्स रुग्णालयांत काम करीत असे व आयर्लंडच्या शस्त्रवैद्यांच्या राजविद्यालयांत अध्यापक होता. एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकांत त्याचा अवघ्या थोड्या पानांचा लेख प्रसिद्ध झाला. क्ष-किरणांचा शोध लागावयास तेव्हां ८१ वर्षांचा अवकाश होता आणि रोग्याला भूल देण्याची विद्याहि यावयाची होती. असें मोडलेलें हाड शवविच्छेदनांत पाहण्याची संधीहि त्याला मिळालेली नव्हती. त्याच्यापाशीं होतीं तीं केवळ दहा बोटें व शांतपणें निरीक्षण करण्याची संवय.

त्यानें काय पाहिलें तें ऐकण्यासारखें आहे. मनगटाच्या वर सुमारें दीड इंचावर हाताच्या मागल्या बाजूस खळगी पडलेली असते व तिच्यापुढें उंचवटा आलेला असतो. पाहणाऱ्याला वाटतें कीं मनगट मागें सरकलें आहे. कॉलिसनें एका हातानें रोग्याचा पंजा धरून बेताबातानें ओढला व दुसऱ्या हाताचीं बोटें त्या उंचवट्यावर ठेविलीं. ओढ दिली कीं आकार नीट होई. ओढ सोडली कीं व्यंग पुन्हां जसेंच्या तसें येई. सांधा निखळला असता तर एकदां बसविल्यावर तो बसून राहिला असता. ज्या अर्थीं व्यंग परत येतें त्या अर्थीं तें हाड मोडलेलेंच असलें पाहिजे, असा त्यानें निष्कर्ष काढला. पुढून व मागून फळ्या लावून हाड जागेवर धरून ठेवण्याची रीतहि त्यानें सांगितली. ही मोड ओळखली गेली नाहीं तर काय होतें हेंहि त्यानें लपविलें नाहीं. वेदना कालांतरानें जातील, हालचालहि पूर्णपणें परत येईल, पण हाताचें वांकडेपण आयुष्यभर राहील, असें त्यानें लिहिलें.

आपल्याला आश्चर्य वाटेल, पण ह्या लेखाकडे तीसएक वर्षें कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. पॅरिसमध्यें दुपित्रां ह्या नामांकित शस्त्रवैद्यानें दरम्यान तेंच मत आपल्या व्याख्यानांतून मोठ्या जोरानें मांडलें; मनगटाची निखळ म्हणून जें दाखविलें जातें तें जवळजवळ सर्व मोड असते, असा त्याचा आग्रह होता. पुढें १८४७ सालीं डब्लिनच्याच रॉबर्ट स्मिथनें सांध्यांलगतच्या मोडींवर ग्रंथ लिहून कॉलिसच्या शोधाला त्याचें नांव दिलें. इंग्रजी जाणणारे वैद्य ह्या मोडीला आजहि कॉलिसची मोड म्हणतात. फ्रेंच वैद्य मात्र आपल्या पूतोचें नांव तिच्या आधीं जोडतात.

मोड ओळखतां आली. आतां बांधण्याचा प्रश्न उरला. १८५२ च्या सुमारास मथायसेन ह्या डच लष्करी वैद्यानें प्लास्टर चोळलेल्या पट्ट्यांची युक्ति प्रसिद्ध केली आणि मोडलेला हात हालूं न देण्याचें काम सोपें झालें. परंतु सुश्रुतानें दिलेला आंवळ पट्टीचा इशारा युरोपला दुसऱ्या वाटेनें शिकावा लागला. १८८१ सालीं जर्मनीतील फोल्कमान ह्या शस्त्रवैद्यानें दाखवून दिलें कीं, पट्टी करकचून बांधली तर रक्ताचा पुरवठा तुटून अग्रबाहूचे स्नायु मरतात, आखडतात व बोटें पंजासारखीं वळून राहतात. हें व्यंग त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. सुजणाऱ्या हातावर बांबूच्या कामट्या घट्ट बांधून रोग्याला आठ-आठ दिवस तसेंच ठेवण्याची जी पद्धत कांहीं ठिकाणीं आढळते, तिचा धोका हाच आहे.

येथें आपल्या हाडवैद्यांविषयीं आणि तालमींतल्या वस्तादांविषयीं दोन शब्द बोलणें न्यायाचें होईल. ह्या लोकांना सरसकट अडाणी ठरविण्याची रीत आहे, ती बरोबर नव्हे. इंग्लंडमध्यें सर जेम्स पॅजेट ह्या थोर शस्त्रवैद्यानें १८६७ सालीं हाडवैद्य कोणते रोगी बरे करतात ह्याच विषयावर व्याख्यान दिलें. त्यांच्यापासून चांगलें तें शिकावें व वाईट तें टाळावें, असा त्याचा आपल्या व्यवसायबंधूंना उपदेश होता. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन टॉमस हा अस्थिवैद्यकाचा एक आद्य आचार्य हाडवैद्यांच्याच घराण्यांत जन्मला होता. हातानें चांचपून दुखरी जागा शोधणें, सांधा आखडूं नये म्हणून वेळेवर हालचाल सुरू करणें, हें कसब त्यांच्यापाशीं पिढीजात असतें. पण पॅजेटनें सांगितलेली दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. मोड न ओळखतां हात ओढणें व चोळणें ह्यामुळें बऱ्या होणाऱ्या दुखापती बिघडतात. अंदाज बरोबर निघाला तर नांव होतें, आणि चुकला तर भोगणारा रोगी असतो.

अंदाजाच्या ह्या युगाचा शेवट १८९५ च्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस जर्मनीतील व्युर्त्झबुर्ग येथें झाला. विल्हेल्म राँटगेन ह्या प्राध्यापकाला कातडीमांसांतून आरपार जाणारे अज्ञात किरण सांपडले. २२ डिसेंबरला त्यानें आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत बोटांचीं हाडें दिसतात व एका बोटांतील अंगठी दिसते. हातच्या कांकणाला जो आरसा नको होता, तो हाताच्या हाडांना अखेर मिळाला. पुढच्या दीड महिन्यांत, म्हणजे ३ फेब्रुवारी १८९६ रोजीं, अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत एका शाळकरी मुलाच्या हाताचें चित्र घेण्यांत आलें. गोठलेल्या नदीवर घसरखेळ खेळतांना तो पडला होता व त्याचें मनगटाजवळील हाड मोडलें होतें. एडविन फ्रॉस्ट हे खगोलशास्त्राचे प्राध्यापक व त्यांचे वैद्य बंधु गिल्मन ह्या दोघांनीं मिळून तें चित्र काढलें, आणि त्यासाठीं मुलाला सुमारें वीस मिनिटें हात स्थिर धरावा लागला. अमेरिकेंत रोगनिदानासाठीं घेतलेल्या अगदीं पहिल्या क्ष-किरण चित्रांतलें हें चित्र मनगटाचें होतें.

ह्या नव्या आरशानें एक नवीच गोष्ट उघडकीस आणली. ज्यांना शतकानुशतकें साध्या लचका म्हणून घरीं पाठविलें जाई, त्यांपैकीं कित्येकांच्या मनगटांतल्या त्या आठ चिमुकल्या हाडांपैकीं एकाला चीर गेलेली होती. पूतोच्याच लिओं शहरांतील एतिएन देस्तो ह्या वैद्यानें १८९६ पासून क्ष-किरणांच्या साहाय्यानें ह्या हाडांचा कसून अभ्यास केला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९२३ सालीं, प्रसिद्ध झाला.

सर्वांत जास्त मोडणारें हाड होडीच्या आकाराचें असतें, म्हणून आपण त्याला नौकास्थि म्हणूं. तें अंगठ्याच्या मुळाशीं असतें. अंगठा ताणून वर केला कीं मनगटाच्या कडेला दोन शिरांच्यामध्यें एक खोलगट खळगी पडते. पूर्वीं शौकीन लोक तपकिरीची चिमूट तींत घेत, म्हणून शरीरशास्त्रांत तिचें नांवच तपकिरीची डबी असें पडलें. ह्या खळगीच्या तळाशीं नौकास्थि आहे. ह्या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोंकानें मिळतें. तें मध्यें मोडलें तर मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटतो, हाड सांधत नाहीं, प्रसंगीं तो तुकडा मरतो, आणि कांहीं वर्षांनीं सबंध मनगट झिजून दुखूं लागतें. ह्यांतली फसवी गोष्ट अशी कीं, हाताचा आकार बिघडत नाहीं, सूजहि बेताची असते, आणि तरुण माणूस दुखऱ्या हातानें आठवडाभर काम रेटतो. त्याहून विशेष म्हणजे ही चीर पहिल्या दिवशींच्या क्ष-किरण चित्रांत पुष्कळदां दिसत नाहीं. म्हणून खळगीवर दाबल्यास दुखत असेल तर चित्र स्वच्छ असलें तरी हात बांधून ठेवावा व दहा ते चौदा दिवसांनीं पुन्हां चित्र घ्यावें, असा दंडक पडला. आतां चुंबकीय यंत्रानें घेतलेल्या चित्रांत ती लौकर दिसूं शकते.

राहतां राहिली ती खरी लचक. हाडें शाबूत आहेत असें क्ष-किरणांनीं सांगितलें म्हणजे वैद्य निश्चिंत होत, व अस्थिबंधांची कोणी फारशी विचारपूस करीत नसे. १९७२ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या लिन्शाइड, डॉबिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मनगटाच्या अस्थिरतेवर लेख लिहून दाखविलें कीं, त्या आठ हाडांमधले बंध पुरते तुटले तर हाडें मोडलीं नसतांहि त्यांची ओळ बिघडते, आणि मनगट हळूहळू निकामी होतें. तेव्हांपासून लचकेचेहि तीन दर्जे मनांत धरून विचार होऊं लागला. पहिल्या दर्जांत बंध नुसते ताणलेले असतात. दुसऱ्यांत कांहीं तंतु तुटलेले असतात. तिसऱ्यांत बंध पूर्ण तुटलेला असतो व त्याला शस्त्रक्रिया लागूं शकते. म्हणजे "नुसती लचक" हा शब्दप्रयोगहि सर्वस्वीं निर्धास्त नाहीं.

आतां ह्या सगळ्या इतिहासाचा घरांत उपयोग काय, तें पाहूं. पहिला धडा असा कीं, लचक हें निदान शेवटीं करावयाचें आहे, आरंभीं नव्हे. मनगटाचा आकार बिघडला असेल, हाड टोंचल्यासारखें एकाच ठिकाणीं दाबून दुखत असेल, अंगठ्याच्या मुळाशीं असलेल्या त्या खळगींत दुखत असेल, बोटें बधिर, गार किंवा निळसर झालीं असतील, अथवा मूठ वळतां येत नसेल, तर घरीं प्रयोग न करतां डॉक्टरांकडे जावें. लहान मुलांच्या बाबतींत विशेष जपावें. त्यांच्या हाडांच्या टोंकांशीं असलेल्या वाढीच्या कूर्चा त्यांच्या अस्थिबंधांपेक्षां नाजूक असतात, त्यामुळें मोठ्या माणसाचें मनगट जेथें लचकेल तेथें मुलाचें हाड दुखावतें. उतारवयांतल्या स्त्रियांचीं हाडें विरळ झालेलीं असतात, म्हणून साध्या पडण्यानेंहि त्यांना कॉलिसची मोड होते. घरांतल्या आजीबाई "मला काय होतंय" म्हणून गप्प बसल्या तरी आपण गप्प बसूं नये.

ह्याउलट दुखणें मनगटभर पसरलेलें असून हाडावर नेमकें नसेल, आकार सरळ असेल, बोटें चांगलीं हालत असतील, आणि वेदना रोज थोडी थोडी कमी होत असेल, तर ती बहुधा साधी लचक आहे. चार-पांच दिवसांत उतार पडला नाहीं तर मात्र मत बदलावें आणि हात दाखवावा.

दुसरा धडा उपचाराचा. पहिलें काम म्हणजे बांगड्या, अंगठी व घड्याळ ताबडतोब काढणें. सूज चढल्यावर तीं निघत नाहींत व रक्ताला अडवितात. सुवासिनीनें बांगड्या काढणें पुष्कळ घरांत अशुभ मानतात, पण हात वाचविण्यासाठीं काढलेल्या बांगड्या हात बरा झाल्यावर पुन्हां भरतां येतात. त्यानंतर हात उशीवर किंवा झोळींत उंच ठेवावा. बर्फ फडक्यांत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटें लावावा. उघडा बर्फ कातडीला लावूं नये. पट्टी बोटांच्या मुळांपासून कोपराकडे जाईल अशी, सुश्रुताच्या शब्दांत बेताची बांधावी, आणि बोटांचीं टोकें उघडीं ठेवून तासातासानें पाहावीं. पहिले दोन-तीन दिवस शेक, जोरदार मालीश आणि हात ओढणें वर्ज्य करावें. आंबेहळदीच्या कोमट लेपानें आराम वाटत असेल तर कातडी फुटलेली नाहीं हें पाहून तो लावण्यास हरकत नाहीं. परंतु लेपानें हाडाची चीर सांधत नाहीं एवढें मनांत असूं द्यावें. वेदना असह्य असेल तर औषध डॉक्टरांना विचारून घ्यावें.

बर्फ व विश्रांति ह्या विषयींचीं मतेंहि इतिहासांत बदलत आलीं आहेत, आणि तो बदल उद्‌बोधक आहे. विश्रांति पूर्ण, अखंड व सक्तीची असावी, असा ह्यू ओवेन टॉमसचा आग्रह होता. त्याच शतकाच्या अखेरीस पॅरिसचा ल्यूका-शांपियोन्येर हळुवार मालीश व लौकर हालचाल ह्यांचा पुरस्कार करीत होता. १९७८ सालीं गेब मिर्किन ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं विश्रांति, बर्फ, दाब व उंचावणें हें चतुःसूत्र सांगितलें आणि तें जगभर पसरलें. पुढें २०१४ सालीं त्यांनींच आपलें मत दुरुस्त करून सांगितलें कीं, दीर्घ विश्रांति व फार बर्फ ह्यांनीं दुखापत भरून येण्यास उशीर लागूं शकतो. सूज ही निव्वळ शत्रु नसून दुरुस्तीच्या कामाची सुरुवात असते, हा त्यामागचा विचार. २०१९ सालीं द्युब्वा व एस्क्युलिए ह्यांनीं ब्रिटनच्या क्रीडावैद्यक मासिकाच्या द्वारें नवीन सूत्र मांडलें. त्यांत सुरुवातीस जपणूक आणि थोड्याच दिवसांनीं सोसेल तेवढी हालचाल यांवर भर आहे. तेव्हां बर्फ वेदना कमी करण्यापुरता व पहिल्या दोन दिवसांपुरता वापरावा, आणि विश्रांति म्हणजे आठवडेच्या आठवडे हात गळ्यांत बांधून बसणें असें समजूं नये.

बोटें, कोपर व खांदा पहिल्या दिवसापासून हालवावेत. दुखणें ओसरूं लागलें कीं मनगट हळूहळू वर, खालीं व कडेला वळवावें. साधी लचक एक ते तीन आठवड्यांत बरी होते. मध्यम दर्जाच्या लचकेला चार ते सहा आठवडे किंवा अधिकहि लागतात. ह्या काळांत शक्ति परत आणण्यासाठीं सुश्रुताचाच क्रम पाळावा. आधीं मऊ चेंडू किंवा भिजवलेल्या कणकेचा गोळा मुठींत दाबावा, मग थोडी कठीण वस्तु, व शेवटीं वजन. पाण्यानें भरलेली बादली ही पहिली परीक्षा नसावी, शेवटची असावी.

पूतो, कॉलिस, देस्तो आणि त्यांच्यानंतरचे मेयोचे वैद्य, ह्या सर्वांनीं मुळांत एकच काम केलें. लोक ज्याला लचक म्हणून सोडून देत होते त्याच्याकडे त्यांनीं दुसऱ्यांदा पाहिलें. त्यांच्यापैकीं पहिल्या दोघांपाशीं यंत्र नव्हतें. आपल्या गांवांत, निदान तालुक्याच्या ठिकाणीं, तें आहे. म्हणून पुढच्या वेळीं घरांत कोणी हातावर पडलें तर "लचकच आहे" असें म्हणण्यापूर्वीं अंगठ्याच्या मुळाशीं असलेल्या त्या खळगीवर हलकेंच बोट ठेवून पाहावें, दुसऱ्या निरोगी हाताशीं आकार ताडून पाहावा, आणि शंका वाटली तर एक क्ष-किरण चित्र काढून घ्यावें. लचकच निघाली तर आनंदच आहे. निघाली नाहीं, तर वेळींच कळलेल्या मोडीनें हात सरळ राहील, आणि डब्लिनच्या त्या वैद्यानें ज्या जन्मभरच्या व्यंगाबद्दल खेद केला तें आपल्या घरांतल्या माणसाच्या वांट्यास येणार नाहीं.